अनुकृतीचें सत्य

जुनी वस्तु नवी करून दाखविणारे कारागीर जगांत पुष्कळ आहेत. परंतु कोरी करकरीत वस्तु जुनी करण्यासाठीं महिनेच्या महिने खपणारा मनुष्य पाहिला म्हणजे प्रथम हसूं येतें, आणि मग विचार पडतो. आमचे एक स्नेही अशाच उद्योगांत असतात. बिनतारी नियंत्रकावर चालणारा एक रणगाडा त्यांनीं विकत आणला. दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन ‘टायगर’ रणगाड्याची ती एकास सोळा या प्रमाणाची प्रतिकृति. पेटींतून काढतांच ती पुढेंमागें धांवली, बुरूज फिरला, तोफेचा आवाजहि झाला. मुलाचें समाधान एवढ्यानें झालें असतें. आमच्या स्नेह्यांचें काम तेथून सुरू झालें.

प्लॅस्टिकच्या जोडांवरील रेघा त्यांनीं कानशीनें घासून काढल्या. इंजिनावर पितळी पत्र्याच्या बारीक जाळ्या बसविल्या. साच्यांतच ओतलेला ओढण्याचा दोर खरवडून त्या जागीं पिळलेल्या तारेचा दोर लावला. मग तांबूस रंगाचा एक हात, त्यावर केसांना मारावयाच्या फवाऱ्याचा थर, त्यावर मातकट पिवळा रंग. हा रंग वाळल्यावर ओल्या कुंचल्यानें कडा घासल्या कीं टवके उडाल्याप्रमाणें तो निघून येतो आणि खालचा तांबेरा डोकावूं लागतो. नंतर फटींत पातळ तैलरंग सोडावयाचा, चाकांवर रंगीत भुकटीचा चिखल थापावयाचा. अशा रीतीनें ज्या रणगाड्यानें दिवाणखान्याचा उंबरठाहि ओलांडला नाहीं, तो एका मोहिमेंतून परतल्यासारखा दिसूं लागला.

यावर कोणी म्हणेल, कीं न झालेल्या लढाईच्या जखमा अंगावर काढणें ही लबाडी आहे. प्लेटोनें ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागांत चित्रकारावर असाच आक्षेप घेतला आहे: सुतार पलंग करतो तो मूळ कल्पनेची नक्कल, आणि चित्रकार त्या नकलेचीहि नक्कल करतो, म्हणून तो सत्यापासून आणखी एक पायरी दूर. परंतु हा आक्षेप येथें लागू पडतो असें आम्हांस वाटत नाहीं. लबाडींत समोरच्याची फसवणूक असते. आणि हात-सव्वाहात लांबीचा रणगाडा पाहून तो रणांगणावरून आला असें कोणीच समजत नाहीं. उलट, चकचकीत कोरा रणगाडा हेंच अधिक असत्य होय. कारण रणगाडा म्हणजे नुसता लोखंडाचा आकार नव्हे. चालणें, मळणें, झिजणें हें त्याचें आयुष्य आहे, आणि ज्या अनुकृतींत तें उतरलें नाहीं ती अपुरी आहे.

येथें गणिताचा एक मुद्दा लक्षांत घेण्याजोगा आहे. मूळ टायगराचें वजन सुमारें ५७ टन. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकीं सोळावा हिस्सा केली म्हणजे वजन ४,०९६ पटींनीं उतरतें. त्या हिशेबानें प्रतिकृति चवदा किलोच्या आसपास भरावयास हवी. साधी प्लॅस्टिकची प्रतिकृति त्याच्या निम्मीहि भरत नाहीं. म्हणून ती खड्यांवरून जातांना उड्या मारते. मूळ रणगाड्याचा रस्त्यावरील वेग ताशीं चाळीस किलोमीटरांच्या घरांत. त्याचा सोळावा हिस्सा अडीच किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या मनुष्याइतकाहि नव्हे. आमच्या स्नेह्यांनीं धातूचे पट्टे घालून प्रतिकृतीला जड केलें आणि दांतेचक्रें बदलून तिला मंद केलें. खेळण्याची मौज वेगांत असते. ती मौज त्यांनीं खरेपणासाठीं सोडली. यांत आम्हांस एक प्रकारची नीति दिसते.

परंतु नीति एकदां मान्य केली म्हणजे तिचे नियमहि मान्य करावे लागतात. प्रत्येक ओरखडा हें एक विधान आहे, आणि विधान करणाऱ्यानें त्याची जबाबदारी घेतली पाहिजे. लोहचुंबकी सुरुंग चिकटूं नयेत म्हणून जर्मन रणगाड्यांना ‘झिमेरिट’ नांवाचा खरबरीत लेप देत. तो १९४३ च्या उत्तरार्धांत सुरू झाला व १९४४ च्या सप्टेंबरांत बंद पडला. इंग्रजांनीं १९४३ च्या एप्रिलांत ट्युनिसियांत पकडलेला एक टायगर इंग्लंडांत बोव्हिंग्टन येथील संग्रहालयांत आहे. त्याच्या प्रतिकृतीला हा लेप देणें म्हणजे असत्य विधान करणें होय. आमचे स्नेही असली चूक कधीं करावयाचे नाहींत.

तरी एक चूक त्यांच्या हातून झाली, आणि ती प्रथम आमच्याहि लक्षांत आली नाहीं. बुरुजाच्या एका बाजूस, थेट वरच्या झांकणापर्यंत, त्यांनीं गर्द तांबेरा चढविला होता. त्यांत करड्या, काळ्या, नारिंगी अशा छटा. सबंध प्रतिकृतींत तोच भाग सर्वांत सुंदर होता, व आम्हीं त्याची तोंड भरून वाहवा केली. घरीं परततांना मात्र मनांत प्रश्न आला: वापरांतल्या रणगाड्याच्या रंगविलेल्या चिलखतावर एवढा गंज चढेल कसा? कडांचे टवके उडतात, तेथें तांबेरा धरतो. पण सबंध बाजू तांबडी व्हावयास वरचा रंगच जळून जावा लागतो. म्हणजे आग. टायगरांत पांच जण बसत. त्यांपैकीं तिघे बुरुजांत. आम्हीं वाहवा केली तो रंग कशाचा होता, हें तेव्हां कळलें.

आणि त्याच झांकणांतून एक माणूस दुर्बीण घेऊन शांतपणें बाहेर पाहत होता! तो कमरेपर्यंतच आहे. खालचा भाग घडविलेलाच नाहीं, कारण आंत त्याला जागा नाहीं; आंत विजेरी, चाकें, आणि आज्ञा झेलणारें बिनतारी यंत्र. हें यंत्र कोणतीहि आज्ञा नाकारीत नाहीं. खऱ्या रणगाड्यांतहि बिनतारी यंत्र असतें. परंतु तेथें ऐकणारा मनुष्य असतो. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा सेंच्युरियन रणगाडा पेटला. बाहेर पडण्याची आज्ञा बिनतारीवरून आली. तोफ अजून चालते आहे असें कळवून त्यांनीं ती मानली नाहीं, आणि त्याच लढाईंत त्यांना मरण आलें. वय एकवीस. मरणोत्तर त्यांना परमवीरचक्र मिळालें. खेळणें आणि मूळ वस्तु यांतील अंतर एकास सोळाचें नव्हे. आंतून ‘नाहीं’ म्हणणारा कोणी आहे कीं नाहीं, एवढेंच तें अंतर आहे.

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथील रणगाड्यांच्या संग्रहालयांत १९६५ च्या युद्धांत हस्तगत केलेला पॅटन रणगाडा आहे. असे रणगाडे संग्रहालयांत रंग देऊन, स्वच्छ करून ठेवतात. ज्यांनीं युद्ध पाहिलें त्यांचे डाग आपण पुसतों, आणि ज्यानें पाहिलें नाहीं त्याच्या अंगावर हौसेनें डाग काढतों. दोन्हींकडे हेतु वाईट नाहीं. पण दोन्हींकडे एकच गोष्ट नजरेआड होते. टायगर ज्या सैन्याचा होता त्यानें युरोपांत काय केलें, हेंहि रंगाच्या कोणत्याच डबींत मिळत नाहीं. म्हणून हा छंद टाकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. बारकाईनें पाहणें हा सद्गुणच आहे. मागणें एवढेंच, कीं तें पाहणें रंगापाशीं थांबूं नये. जो डाग आपण काढतों, तो पडतांना काय घडलें तेंहि विचारावें.

पुढच्या भेटींत आम्हीं हें सर्व स्नेह्यांना सांगितलें. ते कांहीं वेळ बोलले नाहींत; मग एवढेंच म्हणाले, “एक तर तांबेरा ठेवला पाहिजे, नाहीं तर माणूस.” महिन्यानें पाहिलें तों बुरुजाची ती बाजू पुन्हां मातकट पिवळी झाली होती, आणि माणूस आपल्या जागीं होता. रणगाडा पूर्वींइतका शोभिवंत दिसत नव्हता. आम्हीं त्याची पुन्हां वाहवा केली. या वेळीं विचार करून.