नैवेद्यानंतरचा यजमान
सणाच्या दिवशी पाने वाढण्यापूर्वी दाखवला जाणारा नैवेद्य, म्हणजे शिजलेले अन्न प्रथम देवाला अर्पण करण्याचा विधी, त्या अन्नावरची यजमानाची मालकीच संपवतो; पुढे वाढला जातो तो प्रसाद, आणि यजमान केवळ वाढपी ठरतो. पंचमहायज्ञांत, म्हणजे गृहस्थाच्या पाच नित्य कर्तव्यांत, अतिथीला जेवू घालणे हा मनुष्ययज्ञ मानला असल्याने, रांगोळी काढलेली पंगत असो वा हातात ताट घेऊन उभ्याने घेतलेले जेवण, तो उपकार नसून ऋणफेड आहे. मग पंक्तिभेद, म्हणजे जातीनुसार वेगळी पंगत, कोणत्या आधारावर टिकला? १६व्या शतकात पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढल्याची कथा परंपरेने आदराने जपली, तरी ती भक्तिभावाने ऐकणाऱ्या घरांतूनही वेगळी पंगत पुढे मांडली जातच राहिली.