‘आमचे’ आणि ‘आपले’

अठरा मुलांचे घर म्हटले, की पहिला प्रश्न न्हाणीघराचा येतो. १९६८ साली निघालेल्या ‘युअर्स, माइन अँड अवर्स’ या अमेरिकन चित्रपटात तो मोठ्या गमतीने सोडवला आहे. दहा मुलांचा विधुर बाप आठ मुलांच्या विधवा आईशी लग्न करतो. बाप आरमारातला, तो जहाजाची शिस्त घरी आणतो. प्रत्येक मुलाला आकडा, न्हाणीघराला रंग, झोपायच्या खोलीला अक्षर! हेन्री फोंडा गंभीर चेहऱ्याने हे समजावू लागला, की हसू आवरत नाही. आणि गंमत अशी, की मूळ कुटुंब खरेच होते. त्यातल्या आईने, हेलन बियर्डस्ली यांनी, १९६५ साली त्याची हकीगत पुस्तकात सांगितली होती.

हसून झाले, की चित्रपटाचे नाव मनात घोळत राहते. ‘तुझी, माझी आणि...’ इथे मराठी माणूस अडखळतो. इंग्रजीला एक शब्द पुरतो. आपल्याला दोन लागतात. ‘आमचे’ म्हटले, की ऐकणारा उंबऱ्याबाहेर राहतो. ‘आपले’ म्हटले, की तो घरात येतो. त्या दोघांना नवे मूल होते. ते ‘आमचे’ खरेच. पण हा शब्द अठरांसमोर उच्चारला, तर अठराही जण परके होतील.

मग हे ‘आपले’ हुकमाने होते काय? पहिल्याच जेवणाला आलेल्या ल्यूसील बॉलच्या पेल्यात बापाचे मुलगे गुपचूप कडक दारू मिसळतात. बिचारी हसते काय, रडते काय! खोडी वाईट खरी. पण तिच्यात गेलेल्या आईची राखण आहे, असे मला वाटते. नवीला आपली म्हणायचे, तर जुनीला विसरायचे काय, हीच त्या पोरांची भीती असावी. लग्न दोघांनी ठरवले; अठरांना कोणी विचारले होते?

उलट, धाकट्या फिलिपला शाळेत नव्या वडिलांचेच आडनाव लावायचे असते. शिकवणारी सिस्टर म्हणते, कायद्याने तू नॉर्थ. पोरगा हट्ट सोडत नाही. अखेर नवराबायको एकमेकांची मुले रीतसर दत्तक घेतात. कायदा मागाहून आला. मूल आधीच पोचले होते.

एकाला आपलेपणाची घाई, दुसऱ्याला त्याची भीती. मला दोघेही खरे वाटतात. वडीलधाऱ्यांना लग्नाचा हक्क आहे, शिस्तीचाही आहे. मुलाच्या मनातली गेलेल्या माणसाची जागा रिकामी करून मागण्याचा मात्र नाही. दार उघडे ठेवावे, ताट वाढून ठेवावे. ‘आपले’ हा शब्द मुलांच्या तोंडून येऊ द्यावा. तोवर न्हाणीघराचे रंग सांभाळायला मोठी माणसे आहेतच!