राजीनाम्याचे दोन अर्थ

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. वर्गात उर्दू आणि शाळेबाहेर मराठी, अशी आमची रोजची ये-जा. या ये-जात एक शब्द आम्हाला नेहमी अडवतो. उर्दूत 'राजीनामा' म्हणजे संमतीचा कागद, समेटाचा लेख. मराठीत 'राजीनामा' म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. एका भाषेत 'मी तयार आहे', तर दुसरीत 'मी निघालो'. मुले या घोटाळ्यावर हसतात. आम्हीही बरीच वर्षे हसलो. पुढे एकोणिसाव्या शतकातल्या चिनी मजुरांच्या करारनाम्यांविषयी वाचले आणि वाटले, हे दोन अर्थ एकमेकांचे शत्रू नाहीत. दुसरा नसेल तर पहिला खोटा ठरतो.

1847 साली चिनी मजुरांचे पहिले जहाज क्यूबाला लागले. तिथे स्पेनचे राज्य होते. उसाचे मळे वाढत होते आणि आफ्रिकेतून गुलाम आणणे दिवसेंदिवस अवघड होत चालले होते. 1874 पर्यंत सुमारे सव्वा लाख चिनी माणसे त्या बेटावर उतरली. जहाजावर चढलेल्या दर दहांपैकी एकाहून अधिक माणूस उतरलाच नाही, वाटेतच संपला. पेरू देशातही सुमारे लाखभर गेले. कुणी ऊस तोडला, कुणी कापूस वेचला, कुणी चिंचा बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणले.

त्यांना गुलाम म्हणायची मात्र सोय नव्हती, कारण प्रत्येकाच्या नावे करारनामा होता. क्यूबाचा करार चिनी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत असे. आठ वर्षे काम, महिन्याला 4 पेसो, जेवण, औषधपाणी, वर्षाला दोन जोड कपडे आणि एक घोंगडी. वरकरणी कुणाला खोट काढता येऊ नये असा कागद. पण त्यातली दोन कलमे झोप उडवणारी आहेत. पहिले असे की, मजूर हा करार ज्याच्या हाती जाईल त्याचा ताबेदार राहील. म्हणजे कागद विकला की माणूस विकला. दुसऱ्या कलमात मजुराच्याच तोंडून वदवले होते की, क्यूबातले मोकळे मजूर आणि गुलामसुद्धा माझ्याहून जास्त कमावतात हे मला ठाऊक आहे आणि तरीही हा पगार मला मंजूर आहे. अन्याय लपवला नव्हता. तो मजुराच्या तोंडी घालून त्याखाली त्याची सही घेतली होती.

ही सही कशी मिळाली? 1852 साली अमॉय बंदरात उघड्या छातीवर अक्षरे रंगवलेली माणसे कोंडलेली दिसल्याचे इंग्रज अधिकारी जॉन बॉवरिंग यांनी लिहिले आहे. कॅलिफोर्नियाला जाणाऱ्यांना एक अक्षर, पेरूला जाणाऱ्यांना दुसरे. चिनी लोक या धंद्याला डुकराची पिल्ले विकण्याचा धंदा म्हणत. 1874 साली चीनच्या बादशहाने छन लानपिन या अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली क्यूबात चौकशी आयोग पाठवला. आयोगाने 1,176 जबान्या घेतल्या. दहातल्या आठांनी सांगितले की, आम्हाला पळवून नाही तर फसवून आणले.

त्या आठांविषयी वाद नाही. जबरदस्तीने घेतलेली सही ही सही नव्हेच. आम्हाला छळतो तो उरलेल्या दोघांचा प्रश्न. दक्षिण चीनमध्ये तेव्हा युद्ध होते, भाऊबंदकीच्या लढाया होत्या, भूक होती. कुणीतरी आपल्या पायांनी चालत गेला असेल, कागद वाचून घेतला असेल आणि अंगठा दिला असेल. मग पुढे जे झाले ते त्याने स्वतः कबूल केलेले होते, असे म्हणायचे का?

आपल्या दीनात कराराला फार मोठे स्थान आहे. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. तिथे मजकूर सांगण्याचा हक्क ज्याच्यावर देणे आहे त्याला दिला आहे. तो दुबळा असेल तर त्याच्या वलीने इन्साफाने सांगावा, असा हुकूम आहे. म्हणजे ज्याच्या मानेवर ओझे, त्याच्या तोंडचे शब्द. क्यूबाच्या करारात ओझे मजुरावर होते आणि शब्द मळेवाल्याचे. सूरह निसात व्यापाराला परस्परांच्या रजामंदीची अट आहे. बुखारी शरीफच्या एका हदीसचा आशय असा की, कयामतच्या दिवशी अल्लाह तीन जणांच्या विरोधात स्वतः उभा राहील. त्यातला एक स्वतंत्र माणसाला विकून त्याची किंमत खाणारा आणि एक मजुराकडून पुरे काम घेऊन मजुरी न देणारा. चिनी मजुराचा मालक या दोन्ही जागी उभा आहे.

तरी भुकेचा प्रश्न उरतोच. भुकेने केलेला प्रत्येक करार खोटा ठरवला तर जगातली निम्मी मजुरी खोटी ठरेल आणि गरिबाच्या शब्दाला किंमतच राहणार नाही. आम्हाला ते मान्य नाही. गरीबही विचार करून 'हो' म्हणतो. आमच्या मते खरी कसोटी सहीच्या दिवशी लागत नाही, नंतर लागते: त्याला 'पुरे' म्हणता येते का? क्यूबात 1860 साली नियम झाला की, आठ वर्षे संपलेल्या मजुराने नवा करार करावा, नाहीतर दोन महिन्यांत स्वखर्चाने देश सोडावा. महिन्याला 4 पेसो मिळवणारा समुद्रापलीकडचे भाडे कुठून आणणार? तो पुन्हा सही करी. ही दुसरी सही पहिलीचेही खरे रूप उघडे करते. ज्या दारातून बाहेर पडता येत नाही, त्या दारातून आपण राजीखुशीने आत आलो या म्हणण्याला काय अर्थ?

हा प्रश्न आमच्या उंबऱ्यापर्यंत आला म्हणून लिहितो आहोत. काही वर्षांपूर्वी आमचा एक माजी विद्यार्थी आखाती देशातल्या नोकरीचा करार घेऊन आला. कागद अरबी आणि इंग्रजीत होता. "सर, तुम्हाला ही अक्षरे येतात, जरा बघा ना," म्हणाला. अक्षरे येत होती, अर्थ येत नव्हता. त्याचे अब्बा शेजारी उभे होते, एजंटला पैसे देऊन झाले होते. आम्ही पगाराचा आकडा शोधला, तो ठीक वाटला आणि म्हटले, "कर सही." पुढे त्याचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला. आईच्या मय्यतीला त्याला येता आले नाही. परतल्यावर तो आम्हाला काही बोलला नाही. सलाम केला, पाया पडू लागला. त्याने दोन कडक शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

त्या चौकशी आयोगाच्या दप्तरात जबान्यांखेरीज मजुरांचे 85 अर्जही आहेत आणि त्यांवर 1,665 सह्या आहेत. ज्या हातांनी करारावर अंगठे दिले, तशाच हातांनी या सह्या केल्या. फरक एवढाच की या वेळी मजकूर त्यांचा स्वतःचा होता. 1877 साली चीन आणि स्पेनमध्ये नवा तह झाला आणि क्यूबाकडे करारी मजूर नेण्याचा हा धंदा कायद्याने बंद पडला.

आता कुणी करार घेऊन आला तर आम्ही पगाराचा आकडा शेवटी बघतो. आधी विचारतो, परत यायचे झाले तर काय लिहिले आहे? ते कलम सापडले नाही, किंवा आम्हाला वाचता आले नाही, तर तसे स्पष्ट सांगतो आणि वाचता येणाऱ्याकडे घेऊन जातो. मुलांना मात्र राजीनाम्याचे दोन्ही अर्थ एकाच तासाला शिकवतो.