अर्जुनाचं अंग आणि मावशीची भीती



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २८ ते ३०.

अर्जुन सांगतो, अंग गळून गेलंय, तोंडाला कोरड पडलीय, शरीर कापतंय, गांडीव हातातून निसटतंय. आपण हे भराभर वाचून दुसऱ्या अध्यायाकडे पळतो. मला मात्र इथे माझी मावशी आठवते.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. दगडमातीची घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली, हजारो माणसं गेली. मावशीचं गाव तिथलंच. पुढे पक्कं घर मिळालं, तरी कित्येक वर्षं ती अंगणातच झोपली.

गेल्या दिवाळीत ती देगलूरला आमच्याकडे आली होती. रात्री वाऱ्याने पत्रा वाजला आणि ती बाहेर पळाली. मी शहाणपणा केला, "मावशी, तीस वर्षं झाली आता. नाम घे, भीती जाईल."

ती म्हणाली, "नाम तर घेतेच की रे लेकरा. पण अंग ऐकत नाही, त्याला काय करू?"

अर्जुनाचा विषाद आणि मावशीची भीती एक नाही, पण अंग दोघांचंही तसंच बोलतं. मोठ्या आघातानंतर शरीरातली धोक्याची घंटा कधी कधी बंदच होत नाही. पत्रा वाजतो आणि शरीराला वाटतं, तीच रात्र. यात श्रद्धेची कमी कुठे आली?

भगवंतांनीही आधी दोन कडक श्लोक सुनावले. अर्जुन उठला का? नाही. 'लढणार नाही' म्हणून गप्प बसला. मग देव त्याच्याशी अठराव्या अध्यायापर्यंत बोलत राहिले, त्याचे प्रश्न ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, नीट विचार कर आणि तुला हवं तसं कर. आणि मी एका वाक्यात मावशीला बरं करायला निघालो होतो!

मग मी तिच्याजवळ बसलो. विचारलं, "त्या रात्री काय झालं होतं?" ती पहिल्यांदाच बोलली. ढिगाऱ्याखालून लेकीचा आवाज दुपारपर्यंत येत होता, म्हणाली. मी काहीच बोललो नाही. उजाडेपर्यंत आम्ही अंगणातच होतो.

आता ती नांदेडला समुपदेशकाकडे जाते. हरिपाठही चालू आहे. अजून दचकते, पण मध्यंतरी दोन रात्री घरात झोपली.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर आज उपदेश नको, फक्त ऐका. आणि ते तुम्हीच असाल, तर १४४१६ या सरकारच्या मोफत टेलि-मानस क्रमांकावर बोला. मदत मागितली म्हणून भक्ती कमी होत नाही. अर्जुनानेही मागितली होती.

राम कृष्ण हरी.