काट्याची तार

जुनी मॅटाडोर विकायला काढली होती. गिऱ्हाईक उद्या येणार, आणि आज दौंडहून कांदा घेऊन येताना कुरकुंभच्या चढाला काटा लालवर गेला. मिस्त्रीनं आधी इंजिन निवू दिलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की हात भाजलाच. पट्टा ताठ, पंखा बरा, पाइप कुठं गळत नाही, तरी पाणी कमी. झाकण काढून त्यानं गाडी चालू केली. पाण्यात बुडबुडे यायला लागले, थांबेचनात.

"हेड गॅस्केट गेलंय. जळालेला गॅस पाण्यात शिरतोय." मग हळूच, "विकायचीच हाय ना? काट्याची तार काढून ठेवतो. काय कळत नाय."

खोटं मला बोलावं लागणार नव्हतं. फक्त गप्प बसायचं. गप्प बसणं हे खोटं कधीपासून झालं, असंही मनात आलं. खिशात सोसायटीच्या हप्त्याची नोटीस होती.

आबा म्हणाले, "घेणारा त्यात पोरंबाळं बसवंल."

"आपल्याला विकणाऱ्यानं तरी कुठं सांगितलं होतं?"

"म्हणून तर तुला ठावं हाय, कसं वाटतं ते."

सकाळी गिऱ्हाईक आलं. इंजिन गार होतं. आधी मी रेडिएटरचं झाकण काढलं, मग चावी फिरवली.