सहाव्या रात्रीचे पान



यंदा कार्तिकीला काल्याचा प्रसाद घेऊन आम्ही बायका मठाच्या ओसरीवर बसलो होतो. एकीच्या लेकीला नुकतेच पहिले बाळ झालेले. ती म्हणाली, “बाळंतविडा केला, बाळाला वाळे केले. पण आमच्या पोरीला म्हणून काय द्यावं, ते सुचत नाही.” दुसरी म्हणाली, “आठवणींची वही करून द्या. फोटो, पावलांचे ठसे, सगळं चिकटवायचं. हल्ली मुलींना फार आवडतं.” तेवढ्यात कोपऱ्यातल्या एक वयस्कर आजी बोलल्या, “गळ्यात माळ घातलेल्या माणसानं आठवणी साठवायच्या? प्रपंचाचा मोह आधीच काय कमी आहे, आता त्याची वही बांधायची!” सगळ्या हसल्या. मला मात्र हसू आले नाही. अशी वही मी केली आहे आणि तिने मला जे दाखवले ते अजून विसरता आलेले नाही. आजींच्या प्रश्नाला तेव्हा उत्तर सुचले नाही. ते आता लिहून पाहते.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गेल्या वर्षी श्रावण संपता संपता, दिवस भरायच्या आधीच, आठव्या महिन्यात ती मोकळी झाली. मुलगी झाली, पण वजन फार कमी. दवाखान्यात तिला बावीस दिवस काचेच्या पेटीत ठेवावे लागले. देवाच्या कृपेने आज ती घरभर रांगते, टाळ दिसला की हात पुढे करते. पण ते बावीस दिवस कसे गेले ते आमचे आम्हाला ठाऊक.

बाळ घरी आल्यावर दसऱ्याला बारसे करायचे ठरले आणि त्या दिवशी लेकीला द्यायला मी वही करायला घेतली. जाड कागदाची वही आणली. डोहाळजेवणाचा फोटो लावला. सोनोग्राफीच्या कागदावरचे चित्र काही वर्षांनी पुसट होते असे कळले होते, म्हणून त्याची झेरॉक्स काढून ती लावली. माझ्या सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे बाळासाठी दुपटे शिवले होते, त्यातला उरलेला तुकडा एका पानावर टाकला. डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांचे प्रमाण माझ्या अक्षरात लिहिले. कुंकवाच्या पाण्यात बुडवून बाळाची पावले उमटवली. डिंकाने आणि चिकटपट्टीने कागद पिवळा पडतो, म्हणून पानाला चिरा पाडून त्यात फोटोंचे कोपरे अडकवले. सगळे मन लावून केले.

आणि एक पान खोटे केले.

आपल्याकडे सहाव्या रात्री सटवाईची पूजा करतात. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचे प्राक्तन लिहून जाते, अशी समजूत. कोणी हे मानतो, कोणी मानत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. आमच्या घरी आजवर कोणाची सहावी चुकली नव्हती. नातीची चुकली, कारण त्या रात्री ती पेटीत होती. माझ्या मनाला ते लागून राहिले होते. म्हणून बाळ घरी आल्यावर एका संध्याकाळी मी पाट मांडला, कागद-लेखणी ठेवली, शेजारी बाळाला निजवून फोटो काढून घेतला. वहीत तो लावला आणि खाली लिहिले ‘सहावी’, आणि तारीख घातली त्या सहाव्या दिवसाची. पेटीचे, नळ्यांचे, दवाखान्याचे एकही चिन्ह वहीत येऊ दिले नाही. वाटले, लेकीने पुढे वही उघडावी तर तिला सगळे गोडच दिसावे.

बारशाची पंगत उठल्यावर लेक वही घेऊन बसली. हसत हसत पाने उलटत होती. त्या पानाशी थांबली. “आई, हे कधी झालं?”

मी म्हटले, “राहून गेलं होतं, मग नंतर केलं. तारीख आपली खरी घातली.”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आई, त्या रात्री मी दवाखान्याच्या जिन्यात बसले होते. दूध येत नव्हतं. बाळाला हात लावता येत नव्हता. तू ती रात्र काढून टाकलीस. पण माझ्याकडे तीच आहे.”

मला राग आला. म्हटले, “वाईट कशाला उकरायचं? देवानं तारलं ना? मग झालं तर.” तिने वही मिटली आणि बाळाला घेऊन आत गेली.

त्या रात्री हरिपाठ म्हणताना माझे चित्त ठिकाणावर नव्हते. जे विसरण्यासारखे आहे ते विसरावे, यात माझे चुकले काय? दुःख झाकणे ही दया नव्हे काय? मग एकेक संत डोळ्यांपुढे येऊ लागले. तुकोबारायांनी १६३०च्या सुमाराचा भयंकर दुष्काळ भोगला, त्यात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. ते त्यांनी झाकले नाही, स्वतःच्या अभंगात सांगून ठेवले. शिऊरच्या बहिणाबाईंनी आत्मचरित्र सांगितले, त्यात नवऱ्याचा मार आहे आणि जीव लावलेल्या वासराचे मरणही आहे. जनाबाईंनी दळण-कांडणाचे कष्ट गाळले नाहीत. माउलींनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तेव्हाचा वियोग नामदेवरायांनी सांगितला तो रडत रडत. आपण तो आजही ऐकतो आणि रडतो. यांतल्या एकानेही दुःखाचे पान फाडले नाही. त्या पानावरच त्यांना देव भेटला. पान फाडले असते तर भेटही गेली असती.

असे असताना मी पान का बदलले? हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा आतून आलेले उत्तर काही बरे नव्हते. त्या सहाव्या दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात होते. लेक रडत होती. मी तिला म्हटले होते, “रडू नकोस, रडलं की दूध आटतं.” आपल्या आईने आपल्याला सांगितले, ते आपण पुढे सांगतो. आणि गुडघे दुखतात म्हणून मी रात्री घरी निघून आले. जिन्यात ती एकटी बसली त्याला माझे ते वाक्यही कारण होते. आईसमोर रडायची सोय उरली नाही म्हणून ती जिन्यात गेली होती. म्हणजे वहीतले ते पान मी तिच्यासाठी स्वच्छ केले नव्हते, माझ्यासाठी केले होते. दयेच्या नावाखाली मी माझीच चूक पुसत होते.

माऊली, दुसऱ्याचे दुःख झाकताना आपण हे तपासून पाहावे. झाकल्याने त्याची वेदना उणी होते की आपली लाज? वेदना त्याची उणी होत असेल तर ती दया. लाज आपली झाकली जात असेल तर तो दंभ, मग त्याला कितीही मायेचे पांघरूण घातलेले असो. आणि ज्याचे दुःख आहे त्याला विचारल्यावाचून हे कळत नाही.

सकाळी मी तो फोटो काढला. लेकीच्या पुढे वही ठेवून म्हटले, “हे पान कोरं आहे. त्या रात्रीचं तूच लिही. माझ्याबद्दल लिहायचं असेल तेही लिही.” तिने लगेच काही लिहिले नाही. आठवड्याने वही परत माझ्या हाती दिली.

पानावर माझे ते वाक्य होते, जसेच्या तसे. वाचताना हात कापला. पण त्याखाली जे होते ते मला माहीतच नव्हते. रात्रपाळीला फरशी पुसणाऱ्या एक मावशी जिन्याने वर आल्या, तिला पाहून बादली बाजूला ठेवली आणि दोन पायऱ्या खाली बसल्या. “रडू नको” म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “रड बाई, मी बसते.” मग कुठून तरी गरम पाणी आणून पाजले, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. पहाटे तिला थोडे दूध आले. ते वाटीत काढून तिने परिचारिकेच्या हाती दिले. एवढेच पान.

वाचून मला सोयराबाईंची कथा आठवली. आपण सगळ्यांनी कीर्तनात ऐकली आहे. चोखोबा घरी नव्हते, सोयराबाईंचे दिवस भरलेले, जवळ कोणी नाही. तेव्हा पांडुरंग नणंदेचे रूप घेऊन आला आणि त्याने तिचे बाळंतपण केले. ही कथा मी किती वेळा ऐकली, माना डोलावल्या! आणि माझ्याच लेकीसाठी तो फरशी पुसणारी मावशी होऊन आला, तर ती रात्र मी वहीतून काढून टाकायला निघाले होते.

आता त्या आजींचा प्रश्न. आठवणी साठवणे हा मोह नव्हे काय? आहे, जर वहीच्या प्रत्येक पानावर ‘माझे, माझे’ एवढेच लिहिले असेल: माझे बाळ किती गोड, आमच्या घरचा सोहळा किती मोठा. अशी वही चार लोकांना दाखवायला होते आणि गाठ आणखी घट्ट करते. पण ज्या आठवणीत ‘कोणामुळे’ हे येते ती बांधत नाही. ती सैल करते. कोणी पाणी दिले, कोणी पाठ चोळली, कोण दोन पायऱ्या खाली बसले, हे ज्याला आठवते त्याचा ‘मी केले’ हा ताठा आपोआप गळतो. ताठा गळला की उरते ते स्मरणच. वहीतल्या आठवणीतून नामस्मरणाकडे वाट जाते, ती अशी.

आणखी एक सांगावेसे वाटते. आपण ज्ञानोबारायांना माउली म्हणतो, विठ्ठलाला विठाई म्हणतो, वाटेत भेटेल त्याला माऊली म्हणून पाया पडतो. पण घरातली खरीखुरी माउली बाळंतीण झाली की सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे. सहाव्या रात्री कोरा कागद ठेवतात तोही बाळाचे प्राक्तन लिहायला. त्या रात्री आईचेही एक नवे प्राक्तन सुरू झालेले असते. तिच्यासाठी कागद कोणी ठेवत नाही. वही द्यायची ती यासाठी.

म्हणून, जिला अशी वही करायची असेल तिने बाळाच्या फोटोंइतकीच जागा आईला द्यावी. काय लावावे, काय नको, हे तिला विचारावे. काही पाने कोरी सोडावीत आणि ती भरण्याची घाई करू नये. जे तिने लिहिले ते तिच्या परवानगीवाचून मोबाईलवर चार जणांना पाठवू नये. आणि बाळंतिणीचे रडणे लिहिण्याआधी ऐकावे. पहिल्या काही दिवसांत पुष्कळ जणींना रडू येते. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी हटेना, झोप लागेना, बाळाजवळ जावेसे वाटेना, तर अंगारा-दृष्टीवर न थांबता डॉक्टरांकडे न्यावे. देवाचे नाव आणि औषध यांत भांडण नाही.

आमची वही आता लेकीच्या घरी, पोथीसारखी लाल कापडाच्या बासनात असते. यंदा आषाढीला नातीला घेऊन ती पंढरीला आली होती. गर्दीत दर्शन झाले नाही, कळसाचे घेतले. परतताना ती म्हणाली, “आई, त्या मावशींना मुलगी दाखवायला जायचं आहे. येशील?”

गेलो. मावशींनी नातीला मांडीवर घेतले. मी त्यांच्या पाया पडू लागले तर त्या संकोचून मागे सरल्या. म्हणाल्या, “मी काय केलं बाई, नुसती बसले होते.”

एवढेच मला जमले नव्हते.

पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!