सांगून केलेलं स्मरण

आमची आजी महानुभाव पंथाची, उपदेश घेतलेली. कंधार तालुक्यातल्या आमच्या गावी शेजारच्या वाड्यात कोर्टाच्या केससाठी, नातवाच्या परीक्षेसाठी अनुष्ठानं चालायची. गुरुजी अकरा दिवस जप करायचे आणि यजमान संकल्पाचं पाणी सोडून आडतीवर निघून जायचे. दक्षिणा दिली की फळ यजमानाचं. आजीला हे कधी पटलं नाही. "स्मरण दुसऱ्याला सांगून होत नसतंय बाबा," ती म्हणायची, "तुला भूक लागली तर दुसऱ्याला जेवाय सांगतूस का?"

२०१४ मध्ये मी अठराशे रुपये भरून एक शोधनिबंध छापून आणला, तेव्हा आजीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवतो. स्थाननिश्चितीची फाईल अडली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून एपीआय ही गुणपद्धती आणली आणि वाचणं-लिहिणं गुणांत मोजायला सुरुवात झाली. मला काही गुण कमी पडत होते. निबंध माझाच होता, एवढं खरं. पीएच.डी.च्या प्रबंधातली सात पानं उचलली, वर नवं शीर्षक चिकटवलं. तिसऱ्या दिवशी स्वीकृतीपत्र आलं. तज्ज्ञांनी वाचल्याचं त्यात लिहिलं होतं. पण अंक हातात आला तर फॉन्ट बदलताना लीळाचरित्रकार 'म्हाइंभट' सगळीकडे 'महिमभट' झालेला. छापेपर्यंत कुणालाही तो टोचला नाही.

गुण मिळाले. पगारवाढही मिळाली, आणि नॅकच्या अहवालात कॉलेजचा आकडा एकाने वाढला.

अनुष्ठानाच्या हिशेबाने पाहिलं तर यात काय चुकलं? दक्षिणा दिली, विधी झाला, फळ मिळालं. आपल्याकडे कर्माचं फळ दुसऱ्याच्या नावे जमा करायची सोय आहेच. मी काही शेजारच्या वाड्याला हसणार नाही. पण जन्मासोबत येणाऱ्या तीन ऋणांतलं ऋषिऋण फेडायचा मार्ग म्हणजे अध्ययन, आणि त्यासाठी परंपरेने दिलेला शब्द आहे स्वाध्याय. त्यातला 'स्व' मी पंचवीस वर्षं वर्गात संधी सोडवून दाखवत आलो. आजीचं म्हणणं त्या एका अक्षरात होतं, हे मला त्या अठराशेच्या पावतीने शिकवलं.

दोष एकट्या माझ्यासारख्यांचा नाही, हेही सांगायला हवं. आयोगाच्या मान्य नियतकालिकांच्या यादीत विद्यापीठांनीच सुचवलेली १००९ नियतकालिकं भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली, तर ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट निघाली. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिकं यादीतून काढली. मग 'केअर' यादी आली, २०२५ मध्ये तीही बंद झाली. यादी बदलते, आकडा मागणारा तोच राहतो. तासिका तत्त्वावर तासाच्या पैशांवर जगणाऱ्या पोराला मी कोणत्या तोंडाने सांगू की निबंध विकत छापू नकोस?

असं बोललं की नांदेडात कुणीतरी विचारवंत नरहर कुरुंदकर गुरुजींचं नाव काढतंच. इंटरला नापास झालेला, पीएच.डी. नसलेला माणूस; त्यांनी पीपल्स कॉलेजात शिकवता शिकवता गावोगाव व्याख्यानं दिली आणि त्यांतून मनुस्मृतीवरचं पुस्तक उभं राहिलं. खरं आहे. पण आज ते अर्ज करायला आले असते तर छाननीतच बाहेर पडले असते, हे त्याच दमात कुणी बोलत नाही. आमच्या नांदेडच्या विद्यापीठाच्या पदव्यांवर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव असतं, एका संन्याशाचं. त्या नावाखाली गुणांची बेरीज चालते.

म्हाइंभटाने काय केलं होतं? महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर निघून गेल्यावर ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडे तो स्वतः गेला, विचारत राहिला, नागदेवाचार्यांकडून लीळा पडताळून घेतल्या. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकाच गोष्टीचे दोन पाठ शेजारी शेजारी नांदतात आणि कोणता पाठ कुणाचा तेही नोंदलेलं असतं. खोटं ठरण्याचं भय नाही, कारण सांगणारा माणूस तिथे नावानिशी उभा आहे.

गेल्या उन्हाळ्यात एक प्रबंध माझ्याकडे तपासायला आला. मुलगी मेहनती, भाषाही स्वच्छ. दुसऱ्या प्रकरणात 'महिमभट' असं लिहिलेलं. शाई फिरवायला पेन उचललं, तर खाली तळटीप होती: माझं नाव, माझा निबंध, पान ४१. दोन ओळी सोडून तिने भाष्यही केलं होतं, की हा नावाचा एक वेगळा पाठ दिसतो.

पेन टेबलावर ठेवलं आणि तिला फोन लावला.